ताम्हणाआडची बाई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टरच उडवली. आमचं घर भटजींचं — लोकांची पितरं जेवू घालून आमची चूल पेटायची, मग पितरांची भीती कसली? तरी हे लिहितेय...

१९६० नंतरची गोष्ट, अमरावतीची. आमच्या ह्यांचे दोन्ही डोळे लहानपणीच देवीच्या आजारात गेले. एक कायमचा, दुसऱ्याच्या बुबुळावर फूल पडलेलं. पोथ्या तोंडपाठ, म्हणून पूजा सांगायचे. लग्नाला कैक वर्षं झाली तरी त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं. शेवटी मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं — पट्टी काढायची नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही.

भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, दारातच अडून बसले. "मेलेल्याचं अंग घरात आनलं, मंग सुतक नाई काय? क्रिया केल्याबिगर देवघरात येऊ देनार नाई."

ज्याचं नावगाव माहीत नाही त्याची दहाव्याची क्रिया! मी पाया पडले. कुणी ऐकलं नाही. ह्यांना पाटावर वाकवून बसवलं आणि डोक्यावर घागरी ओतल्या.

पट्टी सोडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बुबुळ काचेसारखं स्वच्छ आहे, पण मागचा पडदा सुटला. आता उजेडही कळणार नाही." पाण्यानंच झालं का, हे त्यांनी छातीठोक सांगितलं नाही. भासऱ्यांना मात्र मी कधी माफ केलं नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, "समोर कोन बाई बसली आहे? हनुवटीवर गोंदन आहे. माह्याकडं पाहून हसून रायली."

समोर मीच होते. माझ्या हनुवटीवर गोंदण नाही.

मला वाटलं, भास. म्हणून एकदा न बोलता, न शिवता मी त्या डोळ्यासमोर ताम्हण आडवं धरलं.

"गेली ती," हे म्हणाले.

ताम्हण काढलं. "आली."

कितीदा तरी करून पाहिलं, एकदाही चुकले नाहीत. अकोल्याच्या एका डॉक्टरांना सांगितलं तर "शक्यच नाही" म्हणून त्यांनी विषय बदलला. मलाही आजतागायत काही उलगडलेलं नाही.

ती रोज यायची. हे पोथी म्हणता म्हणता तिच्याकडे पाहून हसायचे. मी जळायचे, लाज न बाळगता सांगते. एकदा विचारलंच, "मी तिच्यापेक्षा बरी आहो काय दिसाले?"

"तुले कुठं पायलं मी?" ते म्हणाले. रागानं नाही, अगदी सहज.

हे गेले त्यालाही आता वर्षं लोटली. जाणतेपणी त्यांनी एकच बाई पाहिली, आणि ती मी नव्हते.