गुडघ्याकडून घोट्याकडे

माझे वडील घोडदळात होते. लग्न होऊन मी सोलापूरच्या पोलीस लाईनीत आले, तेव्हा पहिल्या आठवड्यातच ही गोष्ट सगळ्या लाईनीला ठाऊक झाली, कारण मीच ती सांगत सुटले होते. नळावर सांगितली, गिरणीत दळण टाकताना सांगितली, कुणी विचारलं नाही तरी सांगितली. वडील करमाळ्याकडचे. मेंढरं राखता राखता फौजेत गेले, रिसाल्यात घोड्यावर बसले, आणि पेन्शन घेऊन परत मेंढरांतच आले. घरात मात्र शिस्त रिसाल्याची. ताटात भाकरी उरली तरी हजेरी घ्यायचे.

नवरा मिळाला तो पायी चालणारा. हत्यारी पोलिसातला शिपाई, मूळचा वैरागचा, बोलायला कमी आणि हसायला तयार. मी त्यांना चिडवायचे, "आमच्याकडं घोडा चालायचा, तुमच्याकडं मानूस चालतो." त्यावर ते म्हणायचे, "व्हय की. आमी चालतो म्हनून चूल पेटती." एवढं बोलून बुटाला पॉलिश करायला बसायचे. राग म्हणून नाहीच. या माणसाला राग यावा म्हणून मी सहा वर्षं खटपट केली असेल.

लाईन म्हणजे एकाला एक लागून खोल्या, प्रत्येकीला पुढं हातभर ओटा, आणि समोर मैदान. पहाटे बिगूल वाजला की मैदानावर कवायत सुरू आणि ओट्यांवर आमच्या चुली सुरू. डाव्या अंगाच्या खोलीत एक मुसलमान शिपाई आणि त्याची बायको. त्यांना आम्ही भाई आणि भाभी म्हणायचो. भाभी मराठी बोलताना मधेच दखनी उर्दूत घसरायची आणि मी तिच्याशी भांडताना दखनीत घसरायचे, त्यामुळं आमचं छान जमलं होतं.

गावाशी मात्र तेव्हा आमचं जमत नव्हतं. सन तीसचा गोळीबार आणि लष्करी कायद्याचे दिवस होऊन गेले होते, बाहेरून आलेल्या पलटणी परत गेल्या होत्या, पण लोक विसरले नव्हते. मंडईत मी लाईनीतली आहे हे कळलं की भाजीवाली पाटीवर फडकं टाकायची. "संपली," म्हणायची. समोर मेथीची जुडी दिसायची आणि ही म्हणते संपली! मला संताप यायचा. घरी येऊन बडबडले की हे म्हणायचे, "त्यांचं बी मानूस गेलं असंल कुनाचं तरी." मग मी चुलीत फुंकर मारत बसायचे. सांगायचं एवढंच, की लाईनीबाहेर आम्हाला खोली देणारं त्या गावात कुणी दिसत नव्हतं. नोकरी गेली तर खोली गेली, आणि खोली गेली तर जायचं कुठं? वैरागला दिरांच्या वाटणीत दोन माणसांना बसायला जागा नव्हती.

आणि नोकरी जायची वेळ माझ्या जात्यानं आणली.

डाळ भरडायचं जातं कोपऱ्यात होतं, मला ते दाराशी हवं होतं, उजेडात. हे ड्यूटीवरून आले होते, नुसते टेकले होते. मी म्हटलं, "अवं, जरा हलवून द्या की." त्यांनी वरची तळी उचलली. मी मधेच म्हटलं, "हितं न्हाय, जरा पलीकडं." त्यांनी वळून पाहिलं, आणि तळी निसटून उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर बसली. ओरडले नाहीत. खाली बसले आणि हात पोटाशी धरला.

दवाखान्यात गेले असते तर कागद झाला असता. त्या दिवसांत हत्यारी शिपायाचा हात दुखावला असा कागद झाला की मोठ्या डॉक्टरासमोर उभं करायचे. डॉक्टर म्हणाला नालायक, की घरी. नोकरी आठच वर्षांची, पेन्शनीचा प्रश्न नव्हता. म्हणून होटगीकडच्या एका हाडवैद्याकडून बोटं बांधून घेतली. सूज उतरली, पण बोटं वाकेनात. सलामाला अडचण नव्हती, उलट इतका ताठ सलाम लाईनीत कुणाचा नव्हता. बंदूक धरून व्हायची. बारीक काम मात्र होईना. बक्कल, बुटाची नाडी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पायाच्या पट्ट्या.

या पट्ट्या हल्ली कुणी पाहिलेल्या नसतील. लोकरीच्या कापडाचा चार बोटं रुंद लांबलचक पट्टा, घोटा आणि गुडघा यांमध्ये पायाला वेटोळे देत गुंडाळायचा आणि शेवटी नाडीनं बांधायचा. प्रत्येक वेढा सारखा यायला हवा. सैल झाला तर कवायतीत सुटून मागं लोळतो, आवळला तर पाय मरतो. दोन्ही हातांची सगळी बोटं लागतात. रोज पहाटे भाई येऊन यांच्या पट्ट्या बांधून जायचा. मी त्या वेळी चुलीपुढं, पाठ करून. सहा वर्षांत मी नवऱ्याच्या पायांकडं धड पाहिलं नव्हतं, हे खरं आहे आणि ते लिहायला मला आजही लाज वाटते.

दीड महिना असा निभावला. मग पुण्याहून मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं.

पाहणी म्हणजे लाईनीचा सणच, फक्त धाकाचा. मैदानाच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवले. आम्ही बायकांनी चिंच आणि राख घेऊन पितळी बक्कलं घासली. हवालदार दारोदार येऊन चुलीच्या धुराबद्दलसुद्धा बोलून गेला. मी त्याला म्हटलं, "साहेब आले की धुराला सावधान म्हना." तो हसला नाही. हे दारात उभे होते, ते हसले.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी भाईला हुकूम आला. साहेबांच्या मुक्कामावर पहाऱ्याला जायचं, परेडीला नाही. पट्ट्या बांधणार कोण? ओळीतल्या दुसऱ्या कुणाला सांगावं तर हाताची गोष्ट फुटणार. मी म्हटलं, "त्यात काय? मी बांधते. लहानपणापासनं बांधलेत."

खोटं नव्हतं ते. वडील पेन्शनीवर आल्यावर दसऱ्याला जुना पोशाख चढवायचे. त्यांना वाकता यायचं नाही, तेव्हा पट्ट्या मी बांधायचे. एक वेढा वाकडा आला तर सगळं सोडून पुन्हा. तेव्हा कुठं हात बसला. माझ्यासारखी पट्टी बांधणारी बाई जिल्ह्यात नसेल, असं मला वाटायचं.

सकाळी हे ओट्यावर बसले, पाय पुढं केला. मी गुडघ्याखाली पट्टीचं टोक धरलं आणि उतरत आले. वेढा सुरेख बसत होता. घोट्याशी नाडी आवळून गाठ आत सारली. दोन्ही पाय झाले. हे पायांकडं बघत राहिले.

"नाडी खाली आली की गं."

"मग कुटं येनार?"

"आमची वर येती. गुडघ्याखाली."

"तुमची येत आसंल. चालत्यांची." मी उठलेसुद्धा. "माज्या बाबांनी रिसाल्यात जलम काढला, त्यांना कळत न्हाय आन् तुमाला कळतंय व्हय? बघा की, एक तरी वेढा वाकडा हाय का?"

एकही नव्हता. ते आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात बिगूल झाला. ते उठले आणि गेले.

ही गोष्ट मला नंतर कळली, ती इथंच सांगून टाकते. घोडेस्वार पट्टी गुडघ्याकडून घोट्याकडं बांधतो, कारण खोगिरावर बसल्यावर गुडघ्याखाली गाठ असली तर टोचते. पायदळवाला उलटं, घोट्यापासून वर बांधतो. पोलीस पायदळासारखे बांधायचे. घोडदळाची पोर म्हणून मिरवणाऱ्या मला एवढं ठाऊक नव्हतं. दुसरी पद्धत असू शकते हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

परेड पाहायला आम्ही बायका मैदानाकडेच्या चिंचेखाली उभ्या होतो. हवालदारानं आधी ओळ तपासली होती, पण त्याचा जीव बक्कलांत अडकलेला. पट्ट्या घट्ट आहेत एवढंच त्यानं पाहिलं. साहेब आले. उंच, पिकलेल्या मिशांचे, जरा लंगडत चालणारे. बिगूल झाला, सलामी झाली. यांची दोन बोटं बंदुकीवर उभीच राहिली होती, पण ते मला ठाऊक म्हणून मला दिसलं. साहेब पहिल्या ओळीपुढून चालू लागले. एक गेला, दोन गेले, चार गेले, आणि यांच्यापुढं येऊन साहेब थांबले.

ते खाली बघत होते. मग वर बघून काहीतरी बोलले. लांबून मला वाटलं, साहेब हसतायत. मी भाभीला कोपरानं ढोसलं. "बघ! पट्टी आवडली त्यांना." खरंच, मी असं म्हटलं.

मग अख्खी ओळ ताठ उभी असताना आमचे हे एकटे खाली बसले.

पुढचं मला ओळीतल्या शिपायांनी सांगितलं. साहेब स्वतः तरुणपणी रिसाल्यात होते. पोलिसांच्या ओळीत त्यांना अचानक रिसाल्याची पट्टी दिसली आणि माणूस खूश झाला. विचारलं, "रिसाले में था?" हो म्हटलं असतं तर कदाचित तिथंच मिटलं असतं. हे म्हणाले, "नहीं, साहेब." "फिर किसने बांधी?" आता माझं नाव घ्यावं तर हात का नाही चालला हे आलं. म्हणाले, "खुद बांधी, साहेब." साहेबांना आणखीच कौतुक. म्हणाले, शाबास, खोल आणि पुन्हा बांधून दाखव, सगळ्यांना बघू दे.

रागानं नव्हे हो. कौतुकानं.

हे बसले. डाव्या हातानं गाठ ओढून सोडवली. पट्टी सुटून मातीत पडली. ती उचलून गुडघ्याखाली धरली आणि पहिला वेढा घेतला, तो निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. चिंचेखालून मला फक्त त्यांची वाकलेली पाठ दिसत होती आणि ती हलत होती. भाभीनं माझा हात धरला. तिला माझ्याआधी कळलं होतं.

साहेबांनीच शेवटी वाकून त्यांचा हात धरला आणि उलटा करून पाहिला. इथल्या अधिकाऱ्याला विचारलं, "कब से?"

संध्याकाळी हे घरी आले, एका पायाला पट्टी आणि दुसरी हातात गुंडाळलेली. मी दारातच म्हटलं, "मी चुकले." आयुष्यात तोवर हा शब्द मी कुणाला म्हटला नव्हता. मला माझ्या तोंडाचा, माझ्या बापाचा, सगळ्या घोड्यांचा राग आला होता. ते बसले, पाणी प्याले. म्हणाले, "जातं बी तूच, पट्टी बी तूच. मी कुटं हाय ह्यात?" आणि हसले. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "साहेब चांगला मानूस हाय गं." पंधरा दिवसांनी डॉक्टरचा 'नालायक' असा कागद आला. महिनाअखेर खोली सोडायची होती.

खोली दिली ती एका तेलुगू विणकर बाईनं, मागाच्या खोलीला लागून. तिनं एकच विचारलं, "आता पोलीस नाही ना?" मी नाही म्हटलं. तिनं किल्ली दिली. ज्या कागदानं नोकरी गेली त्याच कागदानं गावात खोली मिळाली, याला काय म्हणावं? दिवसभर मागाचा खडखडाट, झोपताना कान वाजायचे. पण मंडईत मला मेथी मिळायला लागली.

बरेच दिवस काम नव्हतं. त्या दिवसांत हे बाहेर गेले की मी दार लावून मुसळ मांडीवर घ्यायचे आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्याला बांधायचे, खालून वर. भाभीनं भाईला विचारून मला सगळं समजावलं होतं. उपयोग काहीच नव्हता, पण हाताला चैन पडायची नाही. मुसळाचा पाय मी शंभरदा बांधला असेल.

पुढं एका सुताच्या वखारीवर पहाऱ्याचं काम लागलं. वखारवाल्याला पोशाखाची हौस. त्यानं खाकी कपडे दिले आणि जुन्या बाजारातून आणलेल्या पट्ट्याही दिल्या. पहिल्या सकाळी हे उंबऱ्यावर बसले, पाय पुढं केला. मी खाली बसले, पट्टीचं टोक घोट्याशी धरलं आणि पहिला वेढा वर घेतला. बरोबर घेतला, अगदी पायदळासारखा.

त्यांनी पाय मागं ओढला.

"हितनं न्हाय." गुडघ्यावर हात ठेवला. "हितनं. तुज्या बाबांसारकी."

"नगं," मी म्हटलं. "लोक हसतील. मी शिकलेय आता."

"म्हाईत हाय. मुसळाला बांधत हुतीस त्ये बगितलंय मी." मग म्हणाले, "आट वर्सं त्या ओळीत हुबा ऱ्हायलो. तेवड्यात एकदाच कुनीतरी माज्याकडं बगून शाबास म्हनलं. त्ये ह्या पट्टीपायी. बांद."

मी वेढा सोडला आणि गुडघ्याखालून सुरुवात केली. घोट्याशी आले तेव्हा डोळ्यांना काही दिसत नव्हतं, नाडीची गाठ सारखी सुटत होती. त्यांनी वाकून आपलं ते ताठ बोट गाठीवर दाबून धरलं, आणि मी नाडी आवळली.