शाळेसाठी ओढलेली रापण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की मधे दात काढलेले मला चालत नाहीत.

मी दुसरी शिकलेला माणूस. पण आमच्या वाडीच्या शाळेच्या पालक मंडळाचा अध्यक्ष होतो. का? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, माझी होती म्हणून. शंभर माणसं किनाऱ्यावर दोरी ओढायची ती माझ्या एका हाकेवर. अशा माणसाला सोडून अध्यक्ष करणार कुणाला?

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. शाळा भरायची देवळाच्या मंडपात, सहावीपर्यंत. सातवी हवी तर खाडीपलीकडे जायचं. पावसात होडी बंद, म्हणजे मुलींचं शिक्षण बंद. माझी शेवंती सहावीत होती. शाळा तपासायला आलेले साहेब सांगून गेले, "पावसाआधी स्वतःची इमारत उभी करा, छपरासकट. तर सातवी देतो."

मग वर्षभर मला चैन नाही. श्रावणात घरटी नारळ गोळा केले. दिवाळीनंतर बायाबापड्यांनी डोक्यावरून चिरे वाहिले. भिंती उभ्या राहिल्या. छपरासाठी दशावतार ठेवला. नाटक उत्तम झालं! पण नाटकवाल्यांचं जेवण आणि गॅसबत्त्यांचं भाडं दिल्यावर हातात उरली ती राजाची तुटलेली तलवार. तीही ते दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेले.

शिमगा गेला. भिंती उघड्या. मी रोज समुद्राकडे बघायचो, मग भिंतींकडे, मग आभाळाकडे. बायको म्हणायची, "अवो, मान मोडात तुमची!"

शेवटी सभेत मी उठलो आणि म्हणालो, "उद्याची रापण शाळेसाठी. मला जाळ्याचा वाटा नको. सगळ्या आईबापांनी दोरीला यायचं."

बसलो.

आमचे गुरुजी सावंतवाडीकडचे, सज्जन आणि शाकाहारी. ते हळूच म्हणाले, "आबा, जरा फोड करून सांगितलंत तर? मासे विकायचे, त्यातून कौलं घ्यायची, असं."

मी म्हटलं, "गुरुजी, रापणीत मी बोललो म्हणजे समजलं."

माझं हे असं. एका शब्दात काम होत असेल तर दुसरा खर्च करायचा कशाला?

सकाळी किनाऱ्यावर जत्रा! आईबाप आलेच, ज्यांना पोर नाही तेही आले. म्हाताऱ्या आल्या. पोरं आली. गुरुजी धोतर खोचून दोरीला लागले आणि पहिल्याच हिसक्याला वाळूत बसले. काशीबाय, आमची शेजारीण, मासे विकणारी, तोंडाने फटाकडी. ती ओरडली, "गुरुजींनू, पाय रोवा! हय बाराखडी नाय, दोरी आसा!"

आणि जाळं आलं. काय सांगू! बांगडा आणि तारली, वाळूवर नुसती चांदी लोळत होती. एवढा मासा त्या साली कुणी बघितला नव्हता. मी मनात अख्खी शाळा कौलांनी झाकून टाकली.

म्हटलं, आता व्यापारी. बांद्याचा एक व्यापारी ट्रक घेऊन सडकेवर थांबला होता. मी स्वतः गेलो. ताठ चाललो. भाव ठरवला. घासाघीस केली. त्याला चहा पाजला. मग त्याला घेऊन रुबाबात किनाऱ्यावर आलो.

किनारा रिकामा.

कावळे होते. ओली दोरी होती. आणि गुरुजी होते. त्यांच्या पुढ्यात बांगड्यांचा एक छोटासा ढीग, आणि गुरुजी त्याच्यापासून चार हात लांब नाक धरून उभे.

व्यापारी म्हणाला, "आबा, मासो खंय?"

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "वाटे झाले. हा माझा म्हणे."

आता तुम्हाला रापणीचा कायदा सांगितला पाहिजे. जाळ्याचा वाटा मालकाला, आणि ज्याचा हात दोरीला लागला, त्याला एक वाटा. मग तो वाटसरू असो की राजा. माझ्या बापाने हा कायदा पाळला, मीही पाळला. एकदा एकाने गंमत म्हणून दोरी धरली होती, त्यालाही मी जबरदस्तीने वाटा दिला होता. आणि आज मीच सगळ्या गावाला दोरीला लावलं होतं!

काशीबाय टोपली डोक्यावर घेऊन निघालेली दिसली. मी आडवा गेलो. "काशी, ते मासे शाळेचे!"

"शाळेचे कशे? मी वडलंय दोरी!"

"पण रापण शाळेसाठी होती!"

"मगे शाळेन दोरी वडल्यान काय?"

कायदा माझाच.

"तुमी जाळ्याचो वाटो सोडलात," ती म्हणाली, "आमका वाटला, आबा खूश आसत, गावाक जास्त देतत. देव बरा करो तुमचा!" आणि गेली.

व्यापारी हसत हसत ट्रककडे गेला. चहा मात्र माझ्या पैशाने पिऊन.

गुरुजी म्हणाले, "आबा, घरोघर जा. समजावून सांगा. तुम्ही मागितलंत तर नाही कोण म्हणेल?"

मागायचं? मी? जन्मात कुणाकडे काडी मागितली नव्हती. पण डोळ्यापुढे शेवंती आली. रिकामी टोपली घेतली आणि निघालो.

पहिलं घर. उंबऱ्यात उभा राहिलो. टोपली पाठीमागे धरली. म्हणालो, "आलो."

"या या, आबा! बसा!" समोर पाट. पाटापुढे केळीचं पान. पानावर बांगड्याचं तिखलं.

नको म्हणायची सोय नाही. रापणीच्या तांडेलाने, म्हणजे म्होरक्याने, त्या दिवसाचा मासा नाकारला तर पुढचं जाळं रिकामं येतं, अशी आमच्याकडची समजूत. जेवलो. जेवल्या घरात पानावरून उठून टोपली पुढे करायची? ते माझ्याच्याने झालं नाही.

दुसरं घर. "आलो." तारल्यांचं सुकं आणि भाकरी.

तिसऱ्या घरी भाजलेले बांगडे. तिथली म्हातारी म्हणाली, "आबा आज घरोघर फिरतत! केवढो मोठेपणा!" मी मान हलवली. बोलायला तोंड रिकामं होतं कुठे?

पुढे किती घरं झाली मला विचारू नका. शेवटी काशीबायचं घर. म्हटलं, इथे तरी बोलायचंच. ती दारातच म्हणाली, "जेवल्याशिवाय सोडूचंय नाय!"

सोडलं नाही.

घरी आलो तो भिंत धरून. बायको दारात. "शाळेक काय हाडलात?"

मी टोपली खाली ठेवली. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर मोठी ढेकर आली.

शेवंती आतून म्हणाली, "बाबा, मगे माझी सातवी?"

त्या ढेकरेची वाटली तेवढी लाज मला कधी वाटली नाही.

सकाळी देवळासमोर गाव जमवलं आणि बोललो. आयुष्यात बोललो नव्हतो तेवढं बोललो. मासे विकायचे होते, कौलं घ्यायची होती, सांगायचं राहिलं. सगळं.

मग काशीबाय कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे देवा! काल माझ्या घरात ह्याच सांगूक इल्लात तुमी? आणि माशे खावन गेलात?"

जे हसले, ते हसले. पण बाया एकदम उठल्या. उरलेला मासा कुणी फेकून देतं का? सगळ्यांनी तो मिठात घातलाच होता. तो वाळवला, आणि पावसाच्या बेगमीला लोक सुका मासा शोधत असतात तेव्हा बांद्याच्या बाजारात नेऊन विकला. काशीबायने विकला. माझ्यापेक्षा चांगला भाव घेतला, हे सांगायला नको.

कौलं आली. छप्पर चढलं. एका कोपऱ्यात मात्र पट्टा उघडा राहिला. कौलं संपली. त्या कोपऱ्यावर मी स्वतः चढून झावळ्या बांधल्या.

साहेब तपासायला आले. भिंती बघितल्या, छप्पर बघितलं. सातवी मंजूर केली. शेवंती दारामागून उडी मारत होती. मी छाती काढून उभा.

तेवढ्यात साहेबांनी वर बोट दाखवलं. "सगळीकडे कौलं, आणि तेवढ्याच जागेवर झावळ्या का?"

गुरुजींना खोटं बोलता येत नसे. ते नम्रपणे म्हणाले, "साहेब, तेवढी कौलं आमच्या अध्यक्षांनी खाल्ली."

साहेबांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मग झावळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरोबर. माप जुळतंय."