सेफेर उचलण्यापुरती ताकद

एलियाह अष्टमकर एकसष्टाव्या वर्षी व्यायामाला लागला तो काही प्रकृतीच्या काळजीने नव्हे. प्रकृतीकडे त्याने आयुष्यात ढुंकून पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं रोह्याच्या कंपनीत बॉयलरपाशी शिफ्ट केली, निवृत्त झाला आणि खुर्चीत बसला तो बसलाच. पोट सुटलं, दंड सैलावले, चार पायऱ्या चढला तरी धाप लागायची. हन्ना, त्याची बायको, म्हणायची की या घरात तुमच्यापेक्षा खुर्ची जास्त हलते.

कारण होतं गेल्या सिम्हात तोराचं. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचून संपल्याचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्याचा हा सण. बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, रोह्यात आता दोनच घरं उरली आहेत. बाकीचे कधीच इस्रायलला गेले. तरी सणाला पेण, नागोठणं, खांब इथली माणसं धरून रोह्याच्या सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमायचे. नेमके दहा. दहाच्या खाली असतील तर हेखाल, म्हणजे सेफेर ठेवायचं कपाट, उघडायचं नाही अशी रीत. सेफेर म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी. रोह्याची गुंडाळी गोल लाकडी पेटीत उभी असते आणि पेटीसकट वजन भरतं बावीस किलो. वाचण्याआधी पेटी उघडून डोक्याच्या वर धरायची आणि चारी दिशांना वळायचं, म्हणजे बायकांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना अक्षरं दिसतात. हे काम अष्टमकरांच्या घराचं. आजोबांनी केलं, बापाने केलं, एलियाहने सव्वीस वर्षं केलं.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिशेला वळताना त्याचे हात लटपटले. पेटी कलली. पेणच्या जेकबने झेप घेऊन खालून हात दिला म्हणून सेफेर वाचला. तो जमिनीला लागला असता तर अख्ख्या जमातीला उपास पडले असते. जेकब सिनेगॉगचा विश्वस्त, सत्तरीचा, तोंडाने फटकळ. बाहेर चपला घालताना त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पुढच्या साली उचलवला नाय, तर ठाण्याला देऊन टाकू, एलियाह. तिथं माणसं हायत."

सेफेर गेला की सिनेगॉगला नुसतं कुलूप. एलियाह त्या दिवशी जेवला नाही.

त्याचा भाचा रूबेन पेणला असायचा. चौतीस वर्षांचा, एकशे चार किलो, लग्नाचा पत्ता नाही. मामाची हकिगत कळल्यावर त्यानेच मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. यंत्र नको, जागा नको, स्वतःच्याच अंगाचं वजन उचलायचं. चाळीस सेकंद जीव खाऊन करायचं, वीस सेकंद श्वास घ्यायचा. उठाबशा, जोर, भिंतीला पाठ लावून हवेतच बसणं, कोपरांवर अंग तोलून धरणं आणि बर्पी, म्हणजे खाली बसून पाय मागे फेकायचे, पुढे ओढायचे आणि उडी मारायची. अशा सात फेऱ्या. रूबेन म्हणाला, मामा, मी पण करतो तुमच्यासंगं, एकट्याने कंटाळा येतो.

मग रोज सव्वासहाला, रूबेनच्या शिफ्टआधी, व्हिडिओ कॉल लागायचा; रोह्यात मोबाईल तांब्याला टेकून उभा राहायचा आणि पेणला रूबेनचा खिडकीच्या कट्ट्यावर. पहिल्या दिवशी दुसऱ्याच फेरीत एलियाह न्हाणीत जाऊन ओकला. रूबेन जमिनीवर आडवा पडून म्हणत होता की मामा, मी मेलो तर आईला सांगा. हन्ना दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, दोन म्हशी चिखलात लोळतायत असं दिसतंय. आठव्या दिवशी तिने पदर खोचला, कारण तुमच्या धपाधपाने झोप मोडतेच तर नुसतं पडून काय करू. कोपरांवर तोलून धरण्यात ती दोघांच्या पुढे गेली. त्याचं तिला कौतुक नव्हतं. विहिरीवरून दोन दोन हंडे आणलेल्या बाईला ह्यात काय नवल, म्हणाली.

मार्चपर्यंत एलियाहचा पट्टा तीन भोकं आत आला. रूबेन एकोणीस किलोंनी उतरला आणि त्याच्या चेहऱ्याला हनुवटी असल्याचा शोध लागला. एके दिवशी एलियाहने पंचवीस किलोची तांदळाची गोण डोक्यावर धरून माजघरात चारी दिशांना फिरून दाखवलं. हात हलले नाहीत. हन्नाने ताक घुसळायचं थांबवून पाहिलं. तिच्याकडून ही मोठीच पावती.

आणि मग त्याने मूर्खपणा केला. जमातीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चारशे माणसं, पैकी साडेतीनशे इस्रायलमध्ये. तिथे रोज कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर कुणाचं तरी मरण. एलियाहने रूबेनचे दोन फोटो शेजारी शेजारी टाकले, पहिला जाडा, दुसरा बारीक, आणि खाली लिहिलं की रोहा-पेणची माणसं अजून उभी आहेत. जेकबने वाचावं म्हणून लिहिलं होतं. जेकबने वाचलं की नाही देव जाणे. इस्रायलमधल्या अश्दोदच्या डेबोराबाईंनी मात्र वाचलं, आणि त्यांना शीरा नावाची बत्तीस वर्षांची मुलगी होती.

पंधरवड्यात बोलणी सुरू झाली. मुलगी चांगली, रूबेनला आवडली, तो रात्री तिच्याशी बोलून सकाळी फेऱ्या मारताना हसायला लागला. मुलीकडच्यांना लग्न सप्टेंबरात हवं होतं आणि लग्नानंतर त्याने तिथेच राहायचं होतं. सिम्हात तोरा ऑक्टोबरात. रूबेन दहातलाच. तो गेला की नऊ.

रूबेनला हे कळत होतं. एका सकाळी, तिघंही कोपरांवर तोलून होते, तेव्हा त्याने मोबाईलमधून विचारलं, "मामा, सणापर्यंत थांबू? मी सांगतो त्यांना. नाय म्हणाले तर नाय म्हणाले."

चाळीस सेकंद. एलियाहच्या कपाळावरचा घाम फरशीवर टपटपत होता. थांब म्हणायला एकच शब्द लागत होता आणि तो जिभेवर होता. त्याने हन्नाकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत राहिली. आपण बोललो तर हे आयुष्यभर ऐकवतील, हे ती जाणून होती.

"जा," एलियाह म्हणाला. "एवढा बारीक झालास तो काय मला बघायला?"

फेरी संपल्याची शिट्टी वाजली. पुढची फेरी उडीची होती. त्याने ती केली.

मग त्याने दहाव्यासाठी फोन फिरवायला सुरुवात केली. पनवेलला विचारलं, अलिबागला विचारलं. पण सण सगळीकडे त्याच दिवशी, आणि प्रत्येक गावाला आपले दहा जमवताना नाकी नऊ. एकाने तर उलट त्यालाच विचारलं की तुमच्याकडचा एखादा मिळेल का. तरी एलियाहच्या फेऱ्या चुकल्या नाहीत. हन्ना सोबत करायची. सप्टेंबरात रूबेन गेला, आणि त्याच्या जागी मोबाईलवर आता नुसता व्हिडिओतला दात काढणारा तरुण असायचा.

सणाच्या दिवशी दिवे लावले. माणसं आली. जेकब मोजायला उभा राहिला. माणसांना आकड्याने मोजायचं नाही, दहा शब्दांचं एक वचन आहे, ते एकेकाकडे बघत म्हणायचं. नऊ शब्द झाले. दहावा जेकबच्या तोंडात राहिला.

अर्धा तास वाट पाहिली. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग बायकांच्या बाजूने हन्ना उठून पुढे आली.

"मला दहावी धरा," ती म्हणाली. "वर्षभर ह्यांच्या बरोबरीने सात फेऱ्या मारल्यात. उचलूनसुद्धा दाखवते."

कुणी हसलं नाही. जेकबने हात जोडले. "वहिनी, तसं नाय होत. तुम्हाला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. ती परत जागेवर जाऊन बसली. एलियाह हेखालपाशी उभा होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या त्याने सावकाश खाली सोडल्या आणि बटणं लावली.

तीन आठवड्यांनी जेकब सेफेर ठाण्याला न्यायला गाडी घेऊन आला. चालक मितेश, पेणचाच, भला मुलगा. सण नव्हता, मोजायचं वचन नव्हतं. जेकबने किल्लीने कपाट उघडलं आणि बाजूला झाला. एलियाहने पांढऱ्या चादरीत पेटी गुंडाळली, खांद्याला लावली आणि बाहेर निघाला. सात पायऱ्या. गाडीपाशी मितेश पुढे झाला, म्हणाला, काका, जड हाय, धरू का मी?

"नाय," एलियाह म्हणाला.

मागच्या सीटवर त्याने पेटी उभी ठेवली, पाठीशी उशी दिली आणि मितेशच्या सांगण्यावरून पट्टाही लावला. हात एकदाही थरथरले नाहीत. गाडी वळेपर्यंत हन्ना त्या हातांकडेच बघत होती.