कुंदाताईने न उचललेला दिवा

फोन आला तेव्हा मी गडचिरोलीत मोर्चात घोषणा देत होते. कुंदाताई गेली, एवढंच ऐकलं. फोन पिशवीत टाकला आणि पुढची घोषणा दिली. आवाजसुद्धा फाटला नाही. नंतर कळलं, जवळच्या दवाखान्यात रक्त नव्हतं, मोठ्या दवाखान्याकडे नेताना गाडीतच गेली म्हणे... असल्या कारभारावर मी कितीतरी पत्रकं लिहिली आहेत, शब्द तोंडपाठ आहेत. ताईसाठी त्यातला एकही वापरवत नाही.

कुंदाताई माझी मावसबहीण. चिमूरला घराच्याच पुढच्या खोलीत तिचं टायपिंगचं दुकान होतं. आमची पत्रकं तीच टाइप करायची आणि माझी उद्गारचिन्हं न विचारता उडवायची. "किती ओरडून राह्यली व कागदावर!" सिकलसेल, रक्ताचा आजार, तिला जन्मापासूनचा. हाडं ठणकायला लागली की मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन ती कॉम्प्युटरवर एक गेम लावून बसे. दुरुस्तीवाल्याने कधीतरी टाकून दिलेला. चेटकिणीने धाकट्या बहिणीला गुहेत डांबलंय, थोरलीने तिला सोडवायचं. प्रत्येक चित्रात नुसता पसारा, किल्ल्या, पिसं, घुबडं, फुटक्या बरण्या. मागितलेली वस्तू त्यात हुडकली की पुढचं दार उघडतं. "शोधून राह्यली का दुखणं भुलते मले," ती म्हणायची. भारनियमनात वीज गेली की पडदा काळा व्हायचा आणि ती ओठ दाबून बसायची.

गेम शेवटच्या गुहेपाशी अडला. आत अंधार, दिवा हवा. दिवा समोरच होता, झाडाखाली एका शेंदरी दगडापुढे ठेवलेला. ताईला तो पहिल्या नजरेतच दिसला होता. पण तिने त्यावर क्लिक केलं नाही. मावशीचं माहेर-सासर दोन्ही ढिवरांचं, तलावात मासे धरणाऱ्यांचं. तलावाच्या पाळीवर देवापुढे ठेवलेल्या वस्तूला तिथे कुणी हात लावत नाही, हे ताई चालायला शिकली तेव्हापासून जाणून होती.

"ताई, चित्र आहे ते!" मी चिडले. अंधश्रद्धेवरचं आमचं पत्रक हिनेच टाइप केलेलं.

"चित्र आहे, मालूम आहे मले. हात त माहाच आहे ना?"

"मग सरक, मी दाबते."

"तू काऊन दाबशील? गेम माहा आहे. तू जाय, मोर्चा काढ त्या चेटकिणीवर."

आणि हसली. पण शेवट तिला पाहायचाच होता. गेममधल्या पिशवीतली मेणबत्ती, काडेपेटी, काजव्यांची बरणी, सगळं तिने गुहेच्या तोंडाशी नेऊन पाहिलं. गेम काही ऐकेना. "बनवणाऱ्याले एक दुसरा दिवा ठेवता आला नाई," ती पुटपुटायची. "बहीण भेटते का नाई, एवढंच त पाहाचं आहे मले." दुखणं वाढत गेलं तशी ती रोज तिथेच येऊन थांबायची...

परवा मावशीकडे गेले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. दुकानातली खुर्ची तशीच होती. मावशी म्हणाली, "तिचा तो गेम पुरा कर बाई. जीव अडकला होता तिचा त्याच्यात." मी बसले. बाण दिव्यावर नेला आणि दाबलं. काहीच झालं नाही, म्हणजे मला काहीच झालं नाही. गुहेत उजेड पडला. धाकटी बहीण कोपऱ्यात बसली होती. दोघी भेटल्या. कसलंसं वाजलं.

"भेटली मावशी."

मावशी पदराने डोळे पुसत पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता देवाचा दिवा देवाले वापस ठेव."

मी मागच्या चित्रात गेले. दगडापुढची जागा मोकळी होती. दिवा तिथे नेला, सोडला; तो आपोआप पिशवीत परत आला. पुन्हा नेला. पुन्हा परत. ठेवायची सोयच केलेली नाही, हे मावशीला कसं सांगायचं ते कळेना. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

मी पुन्हा नेला.