गॅम्बरेलांचं मूळ गाव

माझ्या साडभाऊंना माणूस दिसतच नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांना दिसतं ते आडनाव. माणूस त्या आडनावाच्या आडोशाला कुठेतरी उभा असतो, आणि साडभाऊ त्याला ओलांडून केव्हाच त्याच्या पणजोबांच्या ओसरीवर जाऊन बसलेले असतात. पाहुणा घरी आला की लोक आधी पाणी विचारतात, साडभाऊ मूळ गाव विचारतात. ते कळलं की मामेकूळ. तेही कळलं की मग पाणी येतं. तोवर पाहुण्याचा घसा खरोखरच कोरडा पडलेला असतो.

हे साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम अकोला. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे परतवाड्यापासून भातकुलीपर्यंत कोणत्या गोठ्यात कोणाची म्हैस कोणाकडून आली हे त्यांना तोंडपाठ. म्हशींवरून ते हळूहळू मालकांकडे वळले, पण पद्धत तीच राहिली. एकदा दर्यापूरच्या चौकात ट्रॅफिक पोलिसानं त्यांची स्कूटर अडवली. साडभाऊंनी कागदपत्रं काढायच्या आधी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, डोळे मिटले आणि त्याच्या आजोबांच्या दुसऱ्या लग्नाची हकिकत सुरू केली. भोवती पाचपन्नास माणसं जमली. शेवटी पोलीसच हात जोडून म्हणाला, "काका, जा तुमी." दाताच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना त्यांनी बोटांनी हवेत गावाचं नाव लिहून दाखवलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंचं माहेर त्याच गावचं निघालं.

साहजिकच आमच्या सगळ्या गोतावळ्यात सोयरीक जमवायची असली की चौकशीला साडभाऊ. ते चौकशी करून आले की निम्म्या सोयरिकी मोडतात. "पोट्टा चांगला हाये, नोकरी चांगली हाये," ते पान लावत सांगतात, "पण आजीच्या माहेरचा धागा लागून नाई राहिला." धागा लागला नाही की विषय संपला.

आणि मी? मी अमरावतीला कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, ही माझी एक ओळख. दुसरी अशी की मी घरजावई आहे. सासऱ्यांना दोनच मुली. सासूबाई गेल्या तेव्हा म्हातारा एकटा पडला, धाकटीचा नवरा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता, तो ट्रंक घेऊन आला आणि राहिला. पुढे सासरेही, आम्हा दोघांचे बुवाजी, गेले, पण फाटकावर अजून त्यांच्याच नावाची पाटी आहे. साडभाऊ अकोल्याहून आले की त्या पाटीसमोर उभे राहतात, मी व्हरांड्यात समोर दिसत असूनही मोठ्यानं विचारतात, "मालक हायेत का घरात?" वीस वर्षं झाली. सुरुवातीला मी हसायचो. मग हसणं सोडलं. मग पुन्हा हसायला लागलो, कारण न हसण्यानं काही फरक पडत नव्हता.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, आमच्या प्राजूनं, इंग्लंडातून फोन करून सांगितलं की तिला टॉम गॅम्बरेल नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे. साडभाऊ ना चिडले, ना उठून गेले. मुलाचा फोटो मागवला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला, "खांदे मजबूत हायेत," म्हणाले आणि कपाटातून नवं रजिस्टर काढलं. "मूळ गाव सांगा. चौकशी करतो. मंग पाहू." प्राजूनं मला वेगळा फोन केला. "काका, बाबांच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही. आणि टॉमला सोडणारही नाही. आता काय ते तुम्ही बघा." तीस वर्षांची मुलगी, तिचा सगळा संसार एका रजिस्टरवर येऊन थांबला होता.

मी बघायचं म्हणजे काय, तर दुभाष्या व्हायचं. साडभाऊंनी सोयरिकीची नेहमीची प्रश्नावली काढली आणि मी ती इंग्रजीत करून टॉमच्या वडिलांना पाठवली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या इंग्रजीवर असा प्रसंग आला नव्हता. मामेकूळ कोणतं, कुळदैवत कोणतं, वावर किती, ओलित की कोरडवाहू, भाऊबंदांशी कसं आहे. मला वाटलं, त्या गृहस्थांचं उत्तरच येणार नाही. तिसऱ्या दिवशी दोन पानी उत्तर आलं. घरचा देव असा काही नाही, पण आजोबांपासून सगळे एकाच फुटबॉल संघाला मानतात आणि दर शनिवारी न चुकता दर्शनाला जातात. जमीन म्हणाल तर नगरपालिकेकडून मिळालेला एक तुकडा आहे, त्यात बटाटे लावतात, पाऊस बाराही महिने असतो. टॉमच्या आईच्या भावानं भांडून ऑस्ट्रेलिया गाठलं, त्याला चाळीस वर्षं झाली, अजून बोलणं नाही. आडनाव बहुधा इटलीचं असावं असं आजोबा म्हणायचे, पण खात्री कोणालाच नाही.

साडभाऊंनी रजिस्टरमध्ये नोंदी केल्या. कुळदैवत: फुटबॉल. वार: शनिवार. वावर: अल्प, पण ओलित. ऑस्ट्रेलियाच्या मामाजवळ येऊन ते थांबले, चेहरा उजळला. "चाळीस वर्स अबोला," ते म्हणाले. "खानदानी लोक दिसून राहिले." मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "पण हे काय? इटली 'असावं'? सोयरिकीत 'असावं' नाई चालत."

इथून ते दोन म्हातारे एकमेकांना लागू झाले. टॉमचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, हातात वेळ भरपूर, आणि आजवर त्यांच्या खापरपणजोबांची इतकी आस्थेनं विचारपूस कोणी केली नव्हती. ते चर्चची जुनी दप्तरं धुंडाळायला लागले. दर रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या सकाळी, व्हिडिओवर भेट. मी अमरावतीहून बसनं अकोल्याला जायचो, दोघांच्या मध्ये खुर्ची टाकायचो आणि एका बाजूच्या पूर्वजांना दुसऱ्या बाजूला नेऊन सोडायचो. मागच्या पिढीचा गवंडी, त्याच्या मागचा घोड्याचे नाल ठोकणारा ("म्हणजे आपल्याच डिपार्टमेंटचा," साडभाऊ), त्याच्या मागचे दोघं गिलावा करणारे. प्रत्येक जण सापडला की साडभाऊ रजिस्टरमध्ये लिहायचे आणि पडद्याकडे बघून नमस्कार करायचे. पलीकडून गॅम्बरेलसाहेबही नमस्कार करायचे. त्यांना वाटलं असावं की आमच्याकडे पूर्वज असेच नोंदवतात.

सहाव्या पिढीवर गाडी अडली. जॉन नावाचा एक पूर्वज, बाप कोण त्याचा पत्ता नाही. दोन महिने रविवार नुसतेच गेले. मेव्हणीबाई चहाचे कप आदळायला लागल्या. "पोट्टी तिकडे वाट पाहून राहिली," त्या मला म्हणाल्या, पण नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं, "अन् हे मेलेल्यांचे लग्नं शोधून राहिले." साडभाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करत. प्राजूचे फोन तुटक होत गेले. शेवटच्या फोनवर तिनं फक्त "सापडलं का?" एवढंच विचारलं.

मग एका रविवारी गॅम्बरेलसाहेब पडद्यावर आले ते हातात कागद नाचवतच. सापडलं होतं. इटलीत लुक्का शहराजवळच्या डोंगरातलं एक खेडं. तिथली माणसं प्लास्टरच्या मूर्ती करत आणि डोक्यावर फळी घेऊन देशोदेशी विकत फिरत. त्यातला एक गॅम्बरेली चालत चालत इंग्लंडात पोचला आणि त्यानं दुकान टाकलं. साडभाऊंनी खुर्चीतच मांडी घातली. "मूर्तिकार," ते म्हणाले. "म्हणजे देवाधर्माचं घर. सांगा त्यायले, लई चांगलं झालं." मी सांगितलं. गॅम्बरेलसाहेबांनी मग हसत हसत पुढचा भाग सांगितला.

त्या मूर्तिकाराला मुलगा नव्हता. एकच मुलगी. तिचं लग्न जॉन नावाच्या एका गिलावेवाल्याशी झालं, तो सासऱ्याच्या घरी राहायला आला, दुकान त्यानंच चालवलं. दुकानावर पाटी सासऱ्याची, म्हणून लोक त्यालाही गॅम्बरेलच म्हणायचे, आणि मुलांनाही तेच नाव लागलं. अडलेली सहावी पिढी ती हीच.

मी इंग्रजीचा मास्तर. मला ते सौम्य करता आलं असतं. 'लग्नानंतर ते सासऱ्यांच्या शेजारी राहत' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. अकोल्यात कोण तपासणार होतं. शब्द ओठावर आलेही होते. पण साडभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला वाटलं, या एका शब्दापासून मी वीस वर्षं तोंड चुकवत आलोय, आता परक्याच्या बाबतीत तरी कशाला चुकवा. "घरजावई होता," मी म्हणालो. "सगळं घराणं घरजावयाचं आहे."

साडभाऊंनी रजिस्टर मिटलं. पलीकडून गॅम्बरेलसाहेब विचारत राहिले की आवाज गेला का.

त्यानंतर पंधरा दिवस अकोल्याहून काही नाही. प्राजूला मी दोनदा सांगितलं की बाबा विचार करताहेत. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, नका बोलू."

पुढच्या सोमवारी सकाळी फाटक वाजलं. साडभाऊ उभे होते, काखेत लांब गुंडाळी. मी हाकेची वाट बघितली. ती आली नाही. त्यांनी आपल्या हातानं कडी काढली, आत येऊन व्हरांड्यात बसले, पाणी मागितलं. पिऊन पेला खाली ठेवला.

"तुमाले जड गेलं का हो इथं?" त्यांनी विचारलं.

वीस वर्षांत पहिल्यांदा. मी नेहमीप्रमाणे विनोद शोधला. "पहिली पाच वर्षं फ्रीज उघडायच्या आधी दार वाजवायचो," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

"बुवाजी गेले तवा पाणी कोणं पाजलं?"

"मी."

"मी काहून नव्हतो?"

"तुम्ही निघाला होतात. मूर्तिजापूरजवळ बस बिघडली होती."

"बस बिघडली होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या इटलीच्या म्हाताऱ्याचं गाव इतलं दूर. त्यालेबी त्या जॉननंच पाजलं असन."

मी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

त्यांनी गुंडाळी जमिनीवर पसरली. ड्रॉइंगचा मोठा कागद, त्यावर लाल-निळ्या रेघांनी काढलेला गॅम्बरेलांचा सगळा वंश, वर डोंगरातलं ते खेडं, खाली टॉम. बायकांची नावंही होती, गॅम्बरेलसाहेबांनी पाठवली तशी, पुरुषांच्या बरोबरीनं. "आमच्या घरची वंशावळ काल काढली होती," साडभाऊ म्हणाले. "अकरा पिढ्या. माह्यापाशी येऊन रेघ थांबते. प्राजूचं नावच नाई तिच्यात. पोरीचं लिवतच नाईत ना आपल्याकडे. इतले वर्स मले दिसलं नाई ते." त्यांनी टॉमच्या शेजारच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथं जागा हाये."

"मग लिहा," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, कागदावर वाकले आणि तसेच राहिले. गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं वासरू फिरवणारा हा माणूस, त्याच्या हातून एक नाव लिहवेना. मग त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"तुमी लिवा."

मी खाली बसलो. मराठीत लिहू की इंग्रजीत, असं विचारलं, तर म्हणाले, दोन्हीत. मी 'प्राजक्ता' लिहायला घेतलं, माझ्या नेहमीच्या बारीक मास्तरी अक्षरात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"जरा मोठं लिवा," ते म्हणाले. "मले आता लांबूनच वाचाचं हाये."