शकिलाखालाची पुडी

चौसाळ्याला हायवेच्या कडेला शकिलाखालाचा फळांचा गाडा असायचा. जांभळाच्या बिया वाळवून, कुटून केलेल्या भुकटीच्या पुड्याही ती विकायची. शुगरवाली माणसं लांबून यायची. पण कुणी पुडी मागितली की खाला आधी हात पुढं करायची, "गोळ्यांचं पाकीट दाखव." पाकिटातल्या गोळ्या फोडून खाल्लेल्या दिसल्या तरच पुडी. नाही तर गिऱ्हाईक शिव्या देत गेलं तरी तिला फिकीर नसे.

नववीत शाळा सोडली त्या साली मी आईसाठी पुडी आणायला गेलतो. आई ऊसतोडीवरून नुकतीच परतली होती. खालानं हात पुढं करताच मी ऐटीत पाकीट काढलं. एकही गोळी फुटलेली नव्हती.

"आई म्हणती, पुडीवर भागतंय," मी म्हणालो.

खालानं चप्पल काढून डावा पाय पुढं केला. अंगठाच नव्हता. "मलाबी असंच भागत होतं."

शेजारच्या पंक्चरवाल्याला गाडा सांभाळायला सांगून ती तडक माझ्यासोबत घरी आली. आई उखडली. "गोळी घेतली की भूक लागती, चक्कर येती. फडात मुकादम भाकर खाऊ देतोय व्हय?"

"मग भाकर कमरेला बांध. दोन घास, गोळी, मग कोयता. ओरडला तर म्हणावं, मी मेल्यावर दुसरी कुठून आणशील?"

तेवढ्यात तिची नजर आईच्या पायाकडं गेली. उसाचं खोडकं लागून झालेली जखम आईनं लुगड्याआड लपवली होती. खालानं तिला त्याच पावली दवाखान्यात नेलं. जखम चिघळली होती, पण पाय वाचला.

पुढं एकदा जीपमधून एक व्यापारी आला. सगळी भुकटी घेतो म्हणाला, डबीवर फक्त 'गोळी सोडा' असं छापायचं.

"खाला, जांभळात अँटिऑक्सिडंट असतंय. साखर उतरवायचा गुण हाय. मोठमोठे लोक तपासायलेत."

"तपासू द्या की. गुण हाय म्हणूनच विकती मी. पर गोळी सोडा म्हणून माझ्या जांभळाचं नाव घ्यायचं न्हाई."

"तुमाला धंदाच कळत न्हाई."

"न्हाई कळत तर न्हाई. आता बाजूला व्हा, वाळत घातलेल्या बियांवर सावली पडायलीय तुमची."

खाला मागच्या पावसाळ्यात गेली. मी इथं तमिळनाडूतल्या सूतगिरणीत. मातीला पोचू शकलो नाही. संध्याकाळी आई फडातून व्हिडिओ कॉल करते आणि बोलण्याआधी पाकीट समोर धरते. मी फुटलेल्या गोळ्या बघतो, मग श्वास घेतो.

परवा म्हणाली, "मुकादम लई ओरडला आज. मी बांधावर बसले, कमरेची भाकर सोडली."

"मग?"

"मग काय? म्हणलं, बस तूबी, दोन घास खा. खाल्ल्याबिगर मी उठणार न्हाई."