चोक ओढल्यावर

फाट्यावरच्या मेकॅनिकनं आमची चालती मोटारसायकल बंद केली. साप चावलेला माझा लेक माझ्या पुढ्यात बसून मान टाकत होता, आणि पुतण्यानं कसंबसं जिवंत ठेवलेलं इंजिन ह्यानं मरू दिलं.

"मुडद्या, काय केलंस?" मी ओरडले. लातूरला न्यायला दुसरं वाहन नव्हतं.

"गप ऱ्हा, मावशी."

बाजाराला जाताना मी त्याला नेहमी बघते. गाडीला कधी शिवी देत नाही, गाडीवाल्याला देतो. पुतण्याला म्हणाला, "झटके खाती, पण चोक ओढला की बरी पळती?"

"हाव."

"मग बाहेरून जास्तीची हवा घुसून राहिली, येड्या. चोकनं हवा कमी होती, म्हणून पळती. अन् तू कार्बोरेटर साफ करत बसला असशील."

कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर त्यानं अंगठ्यानं दाबलं. ते चिरलं होतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तो त्यावर आवळायला लागला. एकेक वेढा ओढून बघत होता. लेकाकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मग त्यानं किक मारली. गाडी लातूरपर्यंत अडखळली नाही.

दवाखान्यात इंजेक्शन मिळालं. लेक जगला.